पोतंभर कोळसा आणि दहा निखारे: सावकाश बार्बेक्यूसाठी लाकडी कोळसा निवडताना आणि पेटवताना

"तंदूरला का इस्त्रीला?"

पुण्यात कोळशाच्या वखारीवर गेलात की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो अगदी रास्त आहे. इस्त्रीवाल्याला बारीक, पटकन फुलणारा कोळसा लागतो. तंदूरवाल्याला ढेकळं लागतात, कारण त्याला भट्टी लाल करायची असते. आपल्याला हवा असतो तिसराच: मंद आचेवर सहा-आठ तास एका चालीने जळणारा. त्याला वखारीत वेगळं नाव नाही आणि वेगळा ढीगही नाही. मी "तंदूरचा द्या" म्हणतो आणि बाकीची निवड घरी येऊन करतो.

हा लेख त्या लांबलचक स्वयंपाकासाठी आहे. बकऱ्याची अख्खी रान, पोर्क शोल्डर, किंवा शाकाहारी मंडळींसाठी अख्खा कच्चा फणस, म्हणजे झाकणाखाली ११० ते १३० अंश सेल्सिअसला तासन् तास शिजणारं काहीही. पनीर टिक्का किंवा सीख कबाब करायचे असतील तर एवढा खटाटोप नको. तिथे कुठलाही कोळसा चालतो, दहा मिनिटांचा तर खेळ.

माझी पहिली रान मी जाळली होती. मुळशीच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर आठ-दहा जण जमलो होतो. मी ग्रिलमध्ये चार किलो कोळसा ओतला, सगळा एकदम पेटवला, छान पांढरी राख धरेपर्यंत थांबलो आणि मग अभिमानाने रान चढवली. झाकणावरचा तापमानाचा काटा अडीचशेच्या पुढे गेला. हवेची खालची झडप बंद केली, वरची बंद केली, काटा ढिम्म हलेना. तासाभरात बाहेरून कोळसा आणि आतून चिवट असा पदार्थ तयार झाला. शेवटी यजमानांच्या आईंनी पिठलं टाकलं म्हणून जेवलो. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लांबच्या स्वयंपाकात कोळसा पेटवणं फारसं नसतंच, बहुतेक कोळसा न पेटलेला ठेवायचा असतो. पोतंभर कोळशात दहा निखारे, आणि उरलेल्यांना एकेक करून विस्तव पोचू द्यायचा.

कोळसा होतो कसा, हे आधी

यात थोडं खोलात जातो, कारण पुढचं सगळं यातूनच कळतं. लाकडी कोळशाला आपल्याकडे लोणारी कोळसा म्हणतात. चुना आणि कोळसा पाडणारा लोणारी समाज, त्यावरून हे नाव. भट्टी लावायची म्हणजे लाकडं रचायची, वर पालापाचोळा आणि मातीचा थर द्यायचा, आत विस्तव सोडायचा आणि हवेला मोजकी भोकं ठेवायची. लाकूड जळू द्यायचं नाही, नुसतं तापू द्यायचं. आधी पाणी जातं, मग धुराचे सगळे वायू जातात आणि मागे बहुतांशी कार्बन उरतो. मग भोकं बुजवून भट्टी विझवायची. रायगड-ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की या भट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात. फार कष्टाचं, धुरातलं आणि बऱ्याचदा उचल घेऊन अडकलेलं काम आहे ते. पोत्यावर घासाघीस करताना मला ते आठवतं आणि मी जरा गप्प बसतो.

मुद्दा असा की कोळसा बनतोच मुळी हवा कोंडून. तुमची ग्रिलही तशीच चालवायची असते. भट्टीवाला भोकं उघडतो-बुजवतो, तेच तुम्ही झडपांनी करायचं.

भट्टी घाईने उघडली तर आत अर्धवट कोळसा राहतो. असा कच्चा कोळसा तपकिरी दिसतो, मोडायला चिवट असतो आणि पेटला की डोळे चुरचुरवणारा धूर सोडतो. जो धूर भट्टीत निघून जायला हवा होता, तो तुमच्या मटणावर बसतो.

वखारीवर काय बघायचं

लाकडाच्या वखारींचा भाग म्हणजे भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. त्या बाजूला विचारत गेलं की कोळसेवाला सापडतो. सुपरमार्केटात बार्बेक्यूच्या नावाने मिळणाऱ्या रंगीत पिशव्यांमध्ये काय आहे ते बाहेरून दिसत नाही, वखारीवर हात घालून बघता येतं. म्हणून मी वखारच पसंत करतो. जुने कपडे घालून जा.

दोन तुकडे घ्या आणि एकमेकांवर आपटा. पक्का कोळसा खणखणतो, जवळजवळ फुटक्या कपाएवढा स्वच्छ आवाज येतो. कच्चा किंवा ओला कोळसा 'थप्' असा बसका वाजतो. मग एक तुकडा मोडा. कडा काळ्या, चकचकीत दिसल्या आणि लाकडाच्या रेषा स्पष्ट असल्या तर उत्तम. आत तपकिरी पट्टा असेल तर ठेवून द्या.

झाड कुठलं, हेही विचारा. आपल्याकडे बराचसा कोळसा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा येतो. बाभळीचं लाकूड घट्ट, त्यामुळे कोळसाही वजनदार आणि टिकाऊ. लांबच्या स्वयंपाकाला हाच हवा. आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा कोळसा भुसभुशीत असतो, झटकन पेटतो, झटकन संपतो. तो पेटवणीला चांगला. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला तर घट्ट लाकडाचा समजा, पण थांबा, ओलाही असू शकतो. आपटून बघायची सवय त्यासाठीच.

ओलाव्याचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्यात जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू आहे. कोळसा स्पंजासारखा असतो, हवेतला दमटपणा ओढून घेतो. तो किलोवर विकला जातो, म्हणजे पावसाळ्यात पाण्याचेही पैसे जातात. शिवाय ओला कोळसा तापताना तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि निम्मी धग स्वतःला वाळवण्यात घालवतो. मी वर्षाचा कोळसा एप्रिल-मेमध्ये भरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात तो वर्षभर टिकतो. आणीबाणीत पावसाळ्यातच घ्यावा लागला तर उघडीप बघून दोन दिवस कडक उन्हात पसरायचा. गच्चीवर पसरणार असाल तर शेजाऱ्यांच्या कुरडया वाळत नाहीत ना, ते आधी बघा. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला त्यावरून एक अख्खा उन्हाळा ऐकवलंय.

ब्रिकेट, म्हणजे साच्यातून काढलेले सारख्या आकाराचे गोळे, वाईट नसतात. कोळशाची पूड स्टार्चने बांधून करतात म्हणून ते एकसारखे जळतात, पण राख पुष्कळ करतात. नारळाच्या करवंटीचे चौकोनी तुकडे मात्र चांगले टिकतात. माझं मन लाकडी कोळशातच आहे, कारण राख कमी आणि झडपेला तो चटकन साथ देतो. पण त्याचा आकार वेडावाकडा, आणि हेच त्याचं दुखणं.

पोतं निवडणं

ही पायरी लोक टाळतात आणि मग चौथ्या तासाला विस्तव का विझला म्हणून डोकं खाजवतात. अंगणात किंवा गच्चीवर जुनं पोतं अंथरा, कोळसा ओता आणि बसा. चार ढीग करायचे. मुठीएवढे किंवा त्याहून मोठे एका बाजूला. लिंबापासून अंड्याएवढे दुसरीकडे, हा तुमचा मुख्य माल. सुपारीएवढे तिसरीकडे. चौथा ढीग टाकाऊ: खडे, मातीची ढेकळं, तपकिरी काड्या. गेल्या खेपेला मला खिळा ठोकलेला एक तुकडा सापडला. म्हणजे कोणीतरी जुनं फर्निचर भट्टीत घातलं होतं. रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा संशय आला तर तो तुकडा फेकाच.

तळाशी उरलेला चुरा चाळणीने वेगळा करा. तो जाळीवर गेला की हवेच्या वाटा बुजतात.

माझ्या ५७ सेंटिमीटरच्या गोल, झाकणाच्या ग्रिलला सहा तासांसाठी निवडलेला साडेतीन ते चार किलो माल लागतो. कमाडोला, म्हणजे जाड भिंतीच्या, झाकणाच्या सिरॅमिक ग्रिलला, तेवढ्याच वेळात बराच कमी पुरतो, कारण धग बाहेर जात नाही. पत्र्याच्या ड्रमला जास्त. पहिल्यांदा करताना किलोभर हाताशी जास्त ठेवा. उरला तर वाया जात नाही.

रचना

आधी मागची राख पूर्ण काढा. मग सगळ्यात मोठे तुकडे जाळीवर, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी ठेवून. त्यावर मधल्या आकाराचे, हाताने एकेक ठेवलेले. ओतायचे नाहीत. सुपारीएवढे तुकडे शेवटी, फक्त मोठ्या पोकळ्यांत. तुकडे एकमेकांना टेकले पाहिजेत, नाहीतर निखारा शेजाऱ्याला पेटवत नाही. आणि गच्च बसता कामा नयेत, नाहीतर हवा वर चढत नाही.

उभा ड्रम किंवा कमाडो असेल तर ढिगाच्या मध्यभागी वाटीएवढा खळगा करा. पेटलेले निखारे त्यात पडतील आणि विस्तव हळूहळू कडेकडे आणि खाली सरकेल. जिम मिनियन या अमेरिकन बार्बेक्यूवाल्याच्या नावाने ही पद्धत जगभर ओळखली जाते. हुरड्याची आगटी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तिथेही खड्ड्यात विस्तव सगळीकडे भडकू देत नाहीत, गोवऱ्यांची धग धरून ठेवतात.

गोल ग्रिलमध्ये मी कोळसा एका कडेला उतरंडीसारखा रचतो आणि त्याचं एकच टोक पेटवतो. दुसऱ्या कडेला पाण्याचं भांडं आणि त्याच्या वर मांस. ब्रिकेटची सापासारखी वळणदार रांग करतात, ती लाकडी कोळशाने करायला जाऊ नका. आकार सारखे नसल्याने रांग कुठेतरी तुटते आणि विस्तव तिथेच संपतो.

धुराच्या वासासाठी आंबा, पेरू किंवा बाभळीच्या वाळलेल्या लाकडाचे दोन-तीन मूठभर तुकडे ढिगात वेगवेगळ्या ठिकाणी खुपसा. दोन-तीनच. जास्त घातले की मटणाला बंबाचा वास येतो.

पेटवणं

रॉकेल नको, पेट्रोल तर नकोच नको. रॉकेलचा वास झाकणाखाली कोंडला की तासन् तास जात नाही, आणि पेट्रोलची वाफ भडका घेते, हात-तोंड भाजतं. प्लॅस्टिकची पिशवी पेटवून कोळशावर टाकणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या घरचं जेवू नका.

चिमणी वापरा. दोन्हीकडून उघडा पत्र्याचा नळकांडा, खालून आठ-दहा सेंटिमीटरवर जाळी, जाळीच्या खाली हवेसाठी भोकं आणि बाजूला लाकडी मूठ, एवढंच ते साधन. विकत मिळतं, आणि कुठलाही फॅब्रिकेशनवाला तासाभरात करून देतो. आपल्या कामाला १५ सेंटिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर उंचीची पुरे. पत्रा साधा काळा लोखंडी सांगा. गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर विषारी असतो. काळा पत्रा, जाळी, सळई असल्या किरकोळ वस्तूंसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच.

चिमणी गच्चीवर कधीही थेट फरशीवर ठेवू नका. चायना मोझॅक तडकते, खालच्या कोब्याला भेग गेली तर पावसाळ्यात खालच्या फ्लॅटचं छत गळतं आणि मग मीटिंगमध्ये तुमचा विषय निघतो. चार विटा मांडा, त्यावर ठेवा.

जाळीखाली वर्तमानपत्राची दोन पानं, सैलसर पिळून गोल वेटोळं केलेली. त्यावर स्वयंपाकाचं तेल चमचाभर शिंपडा. कागद भस्सकन जळून जाण्याऐवजी दिव्यासारखा पाच-सात मिनिटं तेवत राहतो. नारळाची वाळकी शेंडी असेल तर तीही चांगली. वर फक्त दहा-बारा तुकडे, मधल्या आकाराचे, जमल्यास हलक्या लाकडाचे किंवा मागच्या खेपेचे अर्धे जळालेले. तेच आपले दहा निखारे. खालून काडी लावा आणि मागे सरका. पहिली काही मिनिटं कोळसा तडतडतो आणि ठिणग्या उडतात. सुती कपडे घाला. सिंथेटिक टी-शर्टला भोकं पडतात, आणि पडलीच तर बरं, कातडीपेक्षा.

दहा-बारा मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा लाल दिसायला लागतात आणि खालच्यांवर राखेची पातळ साय धरते. एवढ्यावर ओता. सगळे पांढरे होईपर्यंत थांबलात तर त्यांची निम्मी ताकद चिमणीतच संपते.

चिमणी नसेल तर जुना उपाय आहेच. गॅसच्या बर्नरवर लोखंडी जाळी ठेवून त्यावर पाच-सहा तुकडे फुलवा, चिमट्याने पत्र्याच्या डब्यात घ्या आणि गच्चीवर न्या. डाळीला कोळशाची धुरी द्यायला आपण एक तुकडा असाच फुलवतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा आणि पोरांना लांब.

इथेच एक गंभीर गोष्ट. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत तो माणूस मारतो. काचा लावलेली बाल्कनी ही बंद जागाच. बाहेर पाऊस आला म्हणून ग्रिल आत ओढायची नाही, आणि थंडीत उरलेले निखारे शेगडीत घालून खोलीत न्यायचे तर अजिबात नाही.

आंच धरून ठेवणं

निखारे खळग्यात किंवा टोकाला ठेवले की दोन्ही झडपा पूर्ण उघड्या ठेवून झाकण लावा. सुरुवातीला दाट पांढरा धूर येईल. तो कडू असतो. २० ते ३० मिनिटांत तो विरळ होतो, निळसर दिसतो किंवा जवळजवळ दिसतच नाही. नाक जवळ न्या, गोडसर वास आला तर मांस चढवा. पाहुण्यांना पांढऱ्या ढगाचे फोटो आवडतात, पण त्या ढगात मटण ठेवायचं नाही.

झाकणावरचा काटा फसवतो. तो वरची हवा मोजतो, मांस असतं खाली जाळीवर, आणि दोन्हींत वीसेक अंशांचा फरक सहज पडतो. तापमान मोजणारा वायरवाला प्रोब जाळीच्या पातळीला लावा.

आता खरी कसोटी. काटा ९५ ला आला की खालची झडप निम्मी करा, १०५ ला एक चतुर्थांश. १२० ला पोचल्यावर बंद करायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण पेटलेला कोळसा मागे येत नाही. वरची झडप मात्र निम्म्याच्या वरच उघडी ठेवायची, धूर आत कोंडू द्यायचा नाही. प्रत्येक बदलानंतर पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. मला हे जमायला दोन हिवाळे लागले. माझा हात सारखा झडपेकडे जायचा, शेवटी बायकोने खुर्चीच ग्रिलपासून लांब नेऊन ठेवली.

आंच चढलीच तर झाकण उघडून 'जरा हवा' द्यायची नाही. ती हवाच कोळसा खातो, आणखी भडकेल. खालची झडप रेघेएवढी ठेवा आणि थांबा. कमाडो असेल तर झाकण उघडताना आधी बोटभर उचलून दोन क्षण थांबा, कारण कोंडलेल्या विस्तवाला एकदम हवा मिळाली की ज्वाळा तोंडावर येते.

आंच पडली तर आधी कोळसा घालायला धावू नका. बहुतेक वेळा कोळसा असतो, राखेने वाट बुजलेली असते. खालच्या झडपेतून वाकडी सळई घालून जाळी दोन-चार वेळा खरवडा, दहा मिनिटांत काटा वर येतो. खरंच संपत आला असेल तर नवे तुकडे चिमणीत फुलवून मगच घाला. कच्चे टाकले की पुन्हा तो पांढरा धूर.

पाण्याच्या भांड्याने आंच स्थिर राहते, कारण पाणी उकळबिंदूच्या वर जात नाही. पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर तो ९८ अंशांच्या आसपास. भरताना उकळतं पाणी भरा, गार ओतलं तर काटा पंधरा मिनिटं रुसतो.

दीड-पावणेदोन किलोच्या रानीचा माझा दिवस साधारण असा जातो. दुपारी एकला चिमणी, पावणेदोनला रान चढते. चारच्या सुमारास आतलं तापमान ६५-७० वर अडून बसतं, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला गार करत असते. तेव्हा घाबरून झडप उघडायची नाही. रंग मनासारखा आला असेल तर रान फॉइलमध्ये गुंडाळायची, थोडं तूप आणि मसाल्याचं पाणी घालून. साडेसहा-सातला आतून ९० च्या पुढे जाते आणि नळी हाताने फिरते. मग अर्धा तास झाकून ठेवायची. पाहुण्यांना आठची वेळ द्या, साडेसातची देऊ नका.

नंतर

मांस उतरवलं की दोन्ही झडपा पूर्ण बंद. भट्टीवाला भोकं बुजवतो तसंच. हवा तुटली की विस्तव तीन-चार तासांत मरतो आणि उरलेला कोळसा तसाच राहतो. पाणी ओतू नका, वाफेने हात भाजतो, सिरॅमिक तडकतं आणि कोळसाही वाया जातो. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. वरून थंड दिसणाऱ्या राखेत चोवीस तासांनीही निखारा जिवंत सापडतो, आणि असली राख सोसायटीच्या प्लॅस्टिकच्या कचरापेटीत गेली की पुढचं सांगायला नको. पत्र्याच्या, झाकणाच्या बादलीत काढा. थंड राख कुंड्यांना चिमूटभर चालते. ती क्षारयुक्त असते, ओंजळभर नको.

उरलेले तुकडे मी चाळणीत घेऊन राख झटकतो. अंड्याएवढे परत पिंपात, पुढच्या वेळच्या चिमणीसाठी, कारण एकदा जळालेला कोळसा लवकर पेटतो. सुपारीएवढे आणि त्याहून बारीक तुकडे पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला देतो. तो पिशवी हातात घेऊन आधी हलवून बघतो, आवाज ऐकतो आणि मग ठेवून घेतो.